मुकं दार

राखेच्या बुधवारी, म्हणजे कार्निव्हलची मजा संपली की, आमचं सगळं गाव उपासाला लागतं, आणि कासिल्दाच्या कोंबड्या मात्र त्या दिवशी पक्वान्न खायच्या. बडीशेप घालून मळलेल्या कणकेचे, कानाच्या आकाराचे, वर साखर भुरभुरलेले तळलेले काप. आमच्याकडे त्यांना 'कान'च म्हणतात, आणि कार्निव्हलच्या रविवारी दारात येणाऱ्या सोंगांना ते द्यायचे असतात. कासिल्दा एकटी बाई. गेली दहाबारा वर्षं तिच्या दारात सोंगं नाचली नव्हती. तरी ही दर वर्षी परातभर कान तळायची आणि बुधवारी सकाळी अंगणात उधळून द्यायची. माझा बार तिच्या घरासमोरच असल्यामुळे हा सोहळा मला आयता बघायला मिळायचा.

"कासिल्दा, तुझ्या कोंबड्या माझ्यापेक्षा चांगलं खातात गं," मी म्हणायचे.

"त्या तुझ्यापेक्षा कमी बोलतात, ओब्दुलिया," ती म्हणायची आणि दार लावून घ्यायची.

नवरा गेल्यापासून बाईचं डोकं जरा फिरलंय, असं वाल्देओस गावानं ठरवून टाकलं होतं. गाव ते किती! हिवाळ्यात धूर निघतो अशी घरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि आमच्या गल्लीत तर आम्ही दोघीच. पण ठरवून टाकायच्या बाबतीत आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही.

कासिल्दा उंच. तरुणपणी तर इतकी की चर्चच्या दारातून आत येताना उगाचच वाकायची. आणि तिनं लग्न केलं आमान्सिओशी. तो गुराखी, बुटका, तिच्या खांद्याला लागेल न लागेल असा. "शिडी घेऊन जा रे सोबत," असं पोरं त्याला भर चौकात ओरडायची. तो नुसता हसायचा. पण कार्निव्हलच्या दिवशी हाच आमान्सिओ मेंढ्यांची कातडी अंगावर चढवून, चिंध्यांचा घागरा घालून, लाकडी मुखवटा लावून आणि कमरेला गुरांच्या घंटांचा पट्टा आवळून निघाला की पाच हात उंच वाटायचा. सगळ्या सोंगांच्या पुढे तो. त्याच्या घंटा म्हणजे पलीकडच्या डोंगरातल्या गुराख्यांनाही कळायचं, वाल्देओसचं कार्निव्हल निघालं.

सोंगानं बोलायचं नाही, हा आमचा नियम. मुखवटा एकदा चढला की माणूस मुका. संध्याकाळी चौकात गवताचं बुजगावणं जाळतात तेव्हाच मुखवटा काढायचा, त्याआधी कुणाच्या दारात तो वर केला तर ती सगळ्या गावाची लाज. त्यामुळे आमान्सिओनं कासिल्दाला मागणी कशी घातली, हे गावाला कळायला वेळ लागला नाही. इतर दारांत तो चार उड्या मारायचा आणि कासिल्दाच्या खिडकीखाली हलायचाच नाही. घंटांनी भिंती हादरायच्या. शेवटी तिच्या आईनंच वैतागून खिडकी उघडली आणि म्हणाली, "पोरी, एकदाचं हो म्हण, माझी ताटं फुटतायत."

मग लग्न झालं. नियेवेस नावाची एक मुलगी झाली, ती मोठी होऊन सारागोसा शहरात गेली. गायी आल्या, गायी विकल्या. आणि प्रत्येक जानेवारीत कासिल्दा गावातल्या सगळ्या सोंगांचे घागरे आणि कातडी शिवून द्यायची. सुई तिच्याइतकी सरळ चालवणारं दुसरं कुणी नव्हतं. आमान्सिओ गेल्यावरही तिनं हे काम सोडलं नाही. गाठोडं माझ्या बारमध्ये आणून टेबलावर आपटायची, "सांग त्यांना, झालंय," आणि कॉफीसुद्धा न घेता परत जायची.

आता आमान्सिओच्या शेवटच्या कार्निव्हलचं सांगायला हवं. त्या वर्षी सोंगांची रांग आमच्या गल्लीत आली आणि आपल्याच घराच्या खिडकीखाली आमान्सिओ एकदम थांबला. मुखवटा कपाळावर सारला. चेहरा पांढराफटक, घामानं डबडबलेला. आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "कासिल्दा, घोटभर पाणी दे गं."

तिनं मातीचा चंबू आणून दिला. मागून, बघ्यांच्या गर्दीतून गाउदेन्सिओ ओरडला, "मुखवटा खाली कर! लाज आणलीस!" गाउदेन्सिओ म्हणजे चालताबोलता नियम. मग इतरांनीही गलका केला. आमान्सिओनं घाईघाईनं पाणी ढोसलं, निम्मं कातड्यावर सांडलं, मुखवटा ओढला आणि पुन्हा पळत सुटला. पुढचे काही आठवडे गावात तोच विषय. इतकी वर्षं पुढं राहिलेला माणूस, आणि पाण्यासाठी सोंग मोडलं! उन्हाळ्यात गवत कापताना तो शेतातच कोसळला, तेव्हा कळलं की छातीचं दुखणं त्यानं हिवाळ्यापासून अंगावर काढलं होतं. शवपेटीचा पुढचा कोपरा गाउदेन्सिओनंच खांद्यावर घेतला होता आणि कबरीपाशी तो लहान मुलासारखा रडला. पाण्याची गोष्ट आम्ही त्या दिवशीच विसरून गेलो.

ज्या घरात मृत्यू होतो त्या घराच्या घंटांत सुकं गवत कोंबून त्या दारामागे टांगतात. त्याला आम्ही मुकं दार म्हणतो. सोंगं अशा दारापाशी आली की घंटा मुठीत धरतात आणि आवाज न करता पुढं जातात. दुःख संपलं असं घराला वाटलं की त्यानं जानेवारीत, सान अंतोनच्या दिवशी, गवत काढून उंबऱ्यात उभं राहून घंटा वाजवायच्या. एकदाच. त्या संध्याकाळी पोरं गावभर हिंडून कान देऊन ऐकतात. मुक्या दाराला "संपलं का तुमचं दुःख" असं कुणी कधी विचारायचं नाही, आणि घरानंही बोलून दाखवायचं नाही.

कासिल्दानं घंटा काही वाजवल्या नाहीत. एक वर्ष गेलं, दोन गेली, मग आम्ही मोजणं सोडलं. सोंगं दर कार्निव्हलला तिच्या दारापाशी यायची, मुठी आवळायची आणि मांजरासारखी निघून जायची. दुःख मोठं आहे बाईचं, असं म्हणून आम्ही मान द्यायचो. मीही बारच्या दारात उभी राहून गिऱ्हाइकांना गप्प करायचे.

यंदा नियेवेसनं हट्टच धरला. कासिल्दाचे गुडघे गेलेत, जिना चढता येत नाही, लाकडं कोण फोडणार? कार्निव्हलनंतरच्या सोमवारी गाडी घेऊन येते आणि सारागोसाला नेते, असं तिनं फोनवर सांगून टाकलं. गावात हळहळ झाली, पण जास्त हळहळ दाराची झाली. मुकं असताना बंद झालेलं दार कायमचं मुकंच राहतं. त्या घराच्या घंटा पुन्हा कुणी कमरेला बांधत नाही. आमान्सिओच्या घंटा! सान अंतोनच्या दिवशी पोरं मुद्दाम तिच्या गल्लीत तीनतीनदा फिरली. दारामागे काही हललं नाही. मी मनातल्या मनात तिला शिव्या दिल्या, अगं बाई, एवढं तरी कर जाताना.

कार्निव्हलच्या आदल्या दिवशी मी तिचं सामान बांधायला गेले. ती चुलीपाशी कान तळत होती आणि मला हुकूम सोडत होती. "ते भांडं नको, फुटकं आहे. ती चादर घडी घालून ठेव, गुंडाळू नकोस. तुला साधी घडी घालता येत नाही, नवऱ्यानं तुला कसं ठेवून घेतलं कोण जाणे."

"म्हणूनच लवकर मेला बिचारा," मी म्हणाले. ती हसली. कासिल्दाचं हसू म्हणजे नाकातून एक श्वास, तेवढंच.

दारामागे जुना कोट टांगला होता. तो काढला, आणि त्याच्याखाली घंटांचा पट्टा. मी जपून हात लावला. मला वाटलं, धुळीनं भरल्या असतील, गवत कुजलं असेल. तर पट्ट्याला ताजं तेल लावलेलं, घंटा घासून लख्ख. आणि हात लागताच त्यातली एक वाजली.

मी दचकले. आत बोट घालून पाहिलं. दुसरीत पाहिलं. गवताची काडी नाही.

"कासिल्दा, यातलं गवत कुठाय?"

"काढलं."

"कधी?"

"कधी म्हणजे? काढायच्या दिवशी." तिनं कढईत कान उलटला. "तो गेल्यावरचं पहिलं कार्निव्हल मुकं गेलं. बरोबरच होतं. पुढच्या सान अंतोनला काढलं आणि वाजवल्या."

"वाजवल्यास?"

"उंबऱ्यात उभी राहून. जशा वाजवायच्या असतात तशा. आणि मग कार्निव्हलला तुझे ते शहाणे आले आणि मुठी आवळून निघून गेले. त्याच्या पुढच्या वर्षीही गेले. आता उद्याही जातील."

"अगं, कुणी ऐकलंच नसेल!"

"आमान्सिओच्या घंटा ऐकल्या नसतील?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडं वळून पाहिलं. "ऐकल्या, ओब्दुलिया. त्यांनी त्याला माफ केलं नाही, एवढंच."

"कशाबद्दल?"

"पाण्याबद्दल."

मी त्या बांधलेल्या गाठोड्यावर बसकण मारली. एवढी वर्षं ही बाई समोरच्या घरात काय मनात घेऊन बसली होती! आम्ही तिच्या दुःखाला मान देत होतो, आणि ती आमच्या प्रत्येक मानाला शिक्षा समजून गिळत होती. आणि कुणी कुणाला विचारायचं नाही, हा आमचा शहाणपणा.

"आणि तरी तू त्यांचे घागरे शिवत राहिलीस?"

"घागरे त्यांचे कुठे आहेत? सोंगांचे आहेत. सगळ्यांत पुढं चालणाऱ्या सोंगाचं कातडं अजून आमान्सिओचंच आहे. फाटकं कसं जाऊ देऊ?"

"आणि हे कान?"

"दर वर्षी वाटायचं, यंदा येतील. आले आणि घरात काही नसलं तर? आणि नाही आले की एवढं तळलेलं टाकायचं कुठे? कोंबड्या होत्या."

मला रडूच आलं. मी तिला म्हणाले की आत्ताच्या आत्ता चौकात चल, घंटा घे, मी धरते तुला. ती नाही म्हणाली. दुःख एकदाच संपतं, घंटा एकदाच वाजवतात, दुसऱ्यांदा वाजवणं म्हणजे स्वतःच्या उंबऱ्यात भीक मागणं. "आणि हे कुणाला सांगशील तर याद राख."

"मी बार चालवते," मी डोळे पुसत म्हणाले, "पाद्र्याची कन्फेशनची पेटी नाही."

तडक बारमध्ये आले. गाउदेन्सिओ स्टोव्हपाशी पत्ते कुटत बसला होता. आमान्सिओनंतर सोंगांच्या पुढं तोच असतो. सत्तरी उलटली तरी जागा सोडत नाही. मी त्याच्या हातातले पत्ते काढून घेतले आणि सगळं सांगितलं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

"तिनं वाजवल्या नाहीत," तो म्हणाला. "वाजवल्या असत्या तर आम्ही ऐकल्या असत्या."

"कुठून ऐकल्या असत्या? तेव्हा मी मांडीचं हाड मोडून शहरात हॉस्पिटलमध्ये पडले होते, बारला कुलूप. तुम्ही त्या संध्याकाळी गल्लीत आला होतात का? आठव."

तो आठवू लागला. मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, कधी आठवलं ते. त्या सान अंतोनला कमरेएवढा बर्फ पडला होता आणि वरून पडतच होता. पोरं गाउदेन्सिओच्या स्वयंपाकघरात चुलीभोवती बसली होती. आणि असल्या बर्फात कोण मरायला घंटा वाजवतंय, बसा गुमान, असं तोच म्हणाला होता. एवढ्या बर्फात आवाज उंबऱ्याबाहेर जात नाही, हे त्याच्यासारख्या गुराख्याच्या पोराला सांगायला नको.

"पाण्याबद्दल?" त्यानं हळूच विचारलं. "तिला वाटतं, आम्ही पाण्याबद्दल...?"

"तू ओरडला होतास."

"ओरडलो होतो," तो म्हणाला. टोपी उचलली, वाइनचा ग्लास तसाच टाकला आणि निघून गेला. मी मागून हाका मारल्या, अरे, जा तिच्याकडं, बोल तिच्याशी! पण तो तिच्या दाराकडं न वळता खाली आपल्या घरी गेला. मी इतकी संतापले की त्याचा ग्लास मीच पिऊन टाकला. एका टेबलावरचं पोर म्हणालं, "मावशी, गाउदेन्सिओ काकांना माफी मागता येत नाही, त्यांना शिकवलंच नाही कुणी." मी त्यालाही हाकललं.

रविवारी ऊन छान पडलं होतं. दुपारी खालच्या आळीतून घंटांचा आवाज चढू लागला. दारं उघडत होती, बायका किंचाळत होत्या, सोंगं काजळी माखलेल्या हातांनी गाल काळे करत सुटली होती. ज्याचा गाल काळा झाला त्याचं वर्ष चांगलं जातं. मी बारच्या दारात उभी होते. समोर खिडकीच्या काचेमागं कासिल्दा उभी होती, चांगला काळा झगा घालून, केस बांधून, हातात परात.

सोंगं आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर आली. आणि सवयीनं, अगदी सवयीनं, सगळ्यांनी घंटा मुठीत धरल्या. गल्ली एकदम गप्प झाली. कातड्यांची घासघूस आणि बुटांखाली करकरणारा बर्फ, दुसरं काही ऐकू येईना. कासिल्दानं परात खाली ठेवायला घेतलेली मी पाहिली. माझा जीव तीळतीळ तुटला. गाउदेन्सिओ, मेल्या, असं मी तोंडातल्या तोंडात म्हणाले.

पुढचं सोंग खिडकीखाली येऊन थांबलं. मागचीही थांबली. त्यानं घंटांवरचा हात काढला, दोन्ही हातांनी मुखवटा धरला आणि सगळ्या गावासमोर कपाळावर सारला. गाउदेन्सिओचा चेहरा लालभडक झाला होता.

"कासिल्दा," तो म्हणाला, "घोटभर पाणी दे गं."

कुणी ओरडलं नाही. म्हातारी माणसं एकमेकांकडं बघायला लागली, आणि मला दिसलं की ज्यांना कळायचं त्यांना कळलं. खिडकीतून कासिल्दा नाहीशी झाली. बराच वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं, आता दाराला आतून कडी लागल्याचा आवाज येणार.

दार उघडलं. ती उंबऱ्यात आली, गुडघे दुखत असल्यामुळे एका हातानं चौकट धरून. दुसऱ्या हातात तोच मातीचा चंबू होता. तिनं तो गाउदेन्सिओपुढं केला.

"सावकाश पी," ती म्हणाली. "त्याला तुम्ही सावकाश पिऊ दिलं नव्हतं."

गाउदेन्सिओ प्यायला. एकेक घोट, मान खाली घालून, आणि डोळ्यांतलं पाणी त्याच्या मिशांतून चंबूत पडत होतं तरी थांबला नाही. त्याचं झालं तेव्हा मागच्या सोंगानं मुखवटा वर केला. ते कालचंच पोर होतं. "कासिल्दा मावशी, मलाही." मग तिसऱ्यानं केला. मग सगळ्यांनीच.

"मी काय गावची विहीर आहे का?" कासिल्दा म्हणाली, पण चंबू प्रत्येकाला दिला. मी धावत जाऊन तो दोनदा भरून आणला. मग परात बाहेर आली आणि बघता बघता सगळे कान फस्त झाले.

शेवटी ती आत गेली आणि पट्टा घेऊन आली. गाउदेन्सिओनं आपला पट्टा सोडून माझ्या हातात दिला आणि हात वर करून उभा राहिला. तिनं आमान्सिओच्या घंटा त्याच्या कमरेला आवळल्या, आमान्सिओला आवळायची तशा, गुडघा लावून, दुखरा असूनही. "श्वास सोड. पोट आत घे. किती खातोस." तो मुकाट्यानं पोट आत घेत होता. मग त्यानं काजळीचा हात तिच्या गालावरून फिरवला, मुखवटा खाली ओढला आणि उडी मारली.

मी या गावात जन्मले, घंटांचा आवाज मला नवा नाही. पण त्या दुपारी माझ्या बारमधले ग्लास फळीवर नाचत होते. कासिल्दा भिंतीला पाठ टेकून उभी होती, गाल काळा, डोळे मिटलेले, आणि गाउदेन्सिओ तिच्या खिडकीखालून हलत नव्हता. तिच्या आईची आठवण येऊन मी ओरडले, "एकदाचं हो म्हण गं, माझे ग्लास फुटतायत!" कासिल्दा हसली. या वेळी नाकातून नव्हे. तोंड उघडून हसली, आणि तिचे दात किती पडलेत ते मला तेव्हा कळलं.

सोमवारी नियेवेस आली. आईला पाहताच म्हणाली, "आई, अगं गालाला काय लागलंय? चल, पुसते."

"हात लावू नकोस," कासिल्दा म्हणाली. "गाडी चालव."

घराची किल्ली आणि कोंबड्या तिनं माझ्याकडं ठेवल्या. घंटा गाउदेन्सिओकडं आहेत. दारामागचा खिळा रिकामा आहे. बुधवारी सकाळी कोंबड्या रांगेनं माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मान वाकडी करून माझ्याकडं बघू लागल्या. मी त्यांना मका टाकला. यंदा परातीत एकही कान उरला नव्हता.